वाकड्या लाकडाचा कमठा

एकलव्याचा अंगठा कोणी मागितला हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. स्नेहसंमेलनात दोन-तीन वर्षांनी त्यावर एखादी एकांकिका होतेच, भित्तिपत्रकात एखादी कविताही लागते. पण त्या अंगठ्याने ज्या धनुष्याची दोरी ओढली ते कुठल्या लाकडाचे होते, ते कोणी तासले, ओढताना ते वर आणि खाली सारखे वाकते की नाही हे कोणी पाहिले, असा प्रश्न मी आजवर ना पुस्तकात वाचला ना व्याख्यानात ऐकला. धनुर्धराचे नाव राहते, धनुष्य करणाऱ्याचे राहत नाही. याची कोणाला खंतही वाटत नाही.

पहिल्या वर्षाला आम्हाला ‘भारतीय ज्ञान प्रणाली’ हा दोन श्रेयांकांचा विषय होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून तो आला. विषय चांगला आहे. शून्य, पंचांग, आयुर्वेद, शल्यक्रिया यांविषयी वाचताना ऊर भरून येतो. एका तासाला मात्र अशी चर्चा निघाली की सुतार, बुरूड, लोहार यांना जे येते त्याला ज्ञान म्हणावे काय? वर्गाचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, तो हाताचा सराव आहे. ज्ञान म्हणजे ज्याला सिद्धान्त असतो, जे शब्दांत सांगता येते. दुसरा तट आमच्यासारख्यांची बाजू घ्यायला उठला आणि म्हणाला, असे कसे? रानावनातल्या लोकांच्या हे रक्तातच असते, निसर्गानेच त्यांना ते दिलेले असते! टाळ्या दुसऱ्या तटाला पडल्या.

मला विचाराल तर दोन्ही तट चुकले, आणि दुसरा जरा जास्तच चुकला. पहिला निदान कारागिराच्या श्रमाला सराव तरी म्हणतो. ‘रक्तात आहे’ असे म्हटले की त्या माणसाने चाळीस वर्षे जे पाहिले, मोडले, पुन्हा केले, त्याचा हिशोबच पुसला जातो. वर त्याने आभार मानावेत अशी आपली अपेक्षा असते.

मोघम बोलण्यात अर्थ नाही म्हणून एकच वस्तू घेतो. आमचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे माझे चुलत आजोबा कमठे करतात. गेले तीन उन्हाळे मी त्यांच्या जवळ बसून ते काम पाहिले आहे आणि थोडे हाताखाली केलेही आहे. त्यांच्याशी बोलणे आमच्या बोलीत होते. इथे ते मराठीत देतो.

आमच्याकडे कमठे बहुतेक बांबूचे. बांबूचे एक बरे असते, त्याची गाठ कुठे येणार हे आधीच दिसते. पेरापेराने ती येत जाते. धनुर्वेदावरच्या संस्कृत ग्रंथांत बांबूच्या धनुष्याला पेरे किती असावीत याचा विचार केलेला आहे, तो यामुळेच शक्य झाला असावा. पण धामणीच्या लाकडाचेही कमठे होतात. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी यांसाठी धामण आपल्या परिचयाची आहे. वाकेल पण सहजी मोडणार नाही असे ते लाकूड. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, म्हणजे धनुष्याशी त्याचे नाते फार जुने आहे. मात्र शेताच्या बांधावर वाढलेली धामण काही कमठ्यासाठी म्हणून वाढत नाही. तिला फांद्या फुटतात, बकऱ्या शेंडे खातात, ती उजेडाकडे झुकते. तिच्या लाकडात गाठी कुठेही असतात, आणि सरळ म्हणावे असे वीतभरही सापडत नाही. माझ्या लेखाचा विषय हे लाकूड आहे. सरळ, बिनगाठीच्या लाकडाचा कमठा कोणीही थोड्या शिकवणीने करील. वाकड्याचा करताना मात्र करणाऱ्याला काय कळते ते दिसते.

लाकूड थंडीत तोडतात. तोडलेल्या तोंडांना शेण लिंपतात, म्हणजे ते भरभर सुकून तडकत नाही. मग काही महिने ते चुलीच्या वर आडव्या बांबूंवर पडून असते. ओल्या लाकडाचा कमठा केला तर तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. फार सुकवला तर मोडतो. एवढे झाले की खरे काम.

कमठ्याला पाठ असते आणि पोट असते. नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे असते ते पोट, पलीकडे असते ती पाठ. दोरी ओढली की पाठीचे धागे ताणले जातात आणि पोटाचे दाबले जातात. म्हणून पाठ झाडाच्या बाहेरच्या अंगाची ठेवतात. साल काढायची, पण तिच्याखालचा लाकडाचा थर सुरीने कापायचा नाही. पाठीवरचा एक धागा तुटला की तिथून चीर सुरू होते. सगळी तासणी पोटाच्या बाजूने करायची.

आता पाठीवरच गाठ आली तर काय करायचे? नवख्या माणसाला वाटते, उंचवटा आहे, तासून सपाट करावा. अगदी हेच करायचे नसते. नदीत खडक असला की पाणी जसे दोन्ही बाजूंनी वळून जाते तसे लाकडाचे धागे गाठीला वळसा घालून जातात. उंचवटा कापला की ते वळणारे धागे सगळेच्या सगळे कापले गेले. म्हणून गाठीचा उंचवटा तसाच राहू द्यायचा, भोवती थोडे लाकूड अधिकच ठेवायचे. गाठ कडेला आली तर कडेची रेघ सरळ न नेता तिला वळसा घालून न्यायची; तेवढ्या जागी कमठा रुंद दिसला तर दिसू दे. आजोबांचा एक कमठा आहे, तो समोरून पाहिला तर साप बेडूक गिळून पडल्यासारखा दिसतो. पण वीस वर्षे झाली, तो मोडलेला नाही.

गाठीला जास्त लाकूड ठेवले म्हणजे ती जागा वाकत नाही. मग तिचा वाटा शेजारच्या जागेवर जातो. गाठीला लागून लाकूड पातळ झाले असेल तर तिथे बिजागरी तयार होते, सगळा कमठा त्या एका ठिकाणी घडी घातल्यासारखा वाकतो आणि एक दिवस तिथेच जातो. म्हणून गाठीपासून दोन्हीकडे उतार लांब आणि सावकाश न्यावा लागतो. किती लांब? हे आजोबांना विचारले तर ते बोटांनी दाखवतात, आणि प्रत्येक गाठीला वेगळे दाखवतात. ते चूक आहे असे मला पूर्वी वाटे. आता कळते की गाठ वेगळी म्हणजे उत्तरही वेगळे असणारच.

आपल्याला शाळेपासून शिकवलेले असते की दोन बाजू समान करायच्या तर त्या मोजून समान कराव्यात. कमठ्यात हे चालत नाही. एकसारख्या जाडीची काठी घेऊन तिला दोरी लावा आणि ओढा. ती मुठीजवळ सर्वांत जास्त वाकेल आणि दोन्ही टोके नुसतीच काठीसारखी उभी राहतील. म्हणजे जाडी समान, पण वाकणे असमान. वाकणे सगळीकडे पसरायचे तर मुठीपासून टोकाकडे लाकूड कमी कमी होत गेले पाहिजे. आणि कमी करताना हात सांभाळावा लागतो, कारण लाकडाचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहावा हिस्सा कमी केली तर ताठरपणा दहावा हिस्सा कमी होतो. जाडी दहावा हिस्सा कमी केली तर तो चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. हे गणित मी पुस्तकात वाचले. आजोबांनी ते वाचलेले नाही. पण ते सुरुवात वाकसाने करतात, मग कोयता घेतात, मग सुरी, आणि शेवटी फुटक्या काचेच्या तुकड्याने नुसता भुसा निघेल इतकेच खरवडतात. पुढे पुढे थोड्याने फार होते हे ज्याला ठाऊक नाही तो असा हत्यारांचा क्रम लावील काय?

खरवडायचे कुठे हे ठरवण्याची रीत अशी. कमठ्याला सैल, लांब दोरी लावतात. भिंतीत ठोकलेल्या मजबूत खुंटीवर मूठ टेकवून तो आडवा अडकवतात आणि एकाने दोरी खाली ओढायची. दुसऱ्याने आठ-दहा पावले मागे उभे राहून पाहायचे. भिंत चुन्याने सारवलेली असली की कमठ्याची रेघ स्वच्छ दिसते. आधी चार बोटे ओढायचे. जी जागा वाकत नाही ती निबर, जी जास्त वाकते ती हळवी. निबर जागेवर कोळशाने खूण करायची, कमठा उतरवायचा, खुणेवर काच फिरवायची, पुन्हा चढवायचा. आणि लगेच पाहायचे नाही. आधी वीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायचे. आजोबा म्हणतात, “लाकडाला कळायला वेळ लागतो, पोरा. लगेच विचारलंस तर खोटं सांगेल.” खरवडल्याचा परिणाम वाकवल्यावाचून पुरता दिसत नाही, असा याचा अर्थ. सगळे सारखे दिसले तरच दोरी आणखी दोन बोटे खाली. एखादी जागा खटकत असेल तर एक बोटही पुढे जायचे नाही, कारण त्या ओढीत सर्वांत जास्त त्रास हळव्या जागेलाच होणार.

आणि हळव्या जागेला हात लावायचा नाही. काढलेले लाकूड परत लावता येत नाही. ती जागा आहे तशी सोडून बाकीच्या साऱ्या कमठ्याला खरवडत खरवडत तिच्यापर्यंत आणावे लागते. परिणामी कमठ्याचा जोर किती राहणार हे त्याची सर्वांत हळवी जागा ठरवते. कोणाला भारी कमठा हवा असतो आणि लाकडात अशी एक जागा निघते. मग त्याला हलका घ्यावा लागतो. भांडून उपयोग नसतो. काही गिऱ्हाइके भांडतात.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो मुद्दा. समजा लाकूड मुळातच असे आहे की वरचे अंग किंचित पाठीकडे झुकलेले आणि खालचे अंग पोटाकडे झुकलेले, मध्ये एखादा पोक. असा कमठा भिंतीवर चढवला तर दोन्ही अंगांची कमान एकसारखी दिसणार नाही. इथे भलेभले फसतात. जिथे कमान सपाट दिसते तिथे निबर आहे असे समजून ते खरवडत सुटतात. वास्तविक त्या जागेला मुळातच उलटा झोक होता. तो मोडून ती सपाट झाली म्हणजे तिने आपल्या वाट्याचे वाकणे केव्हाच केले आहे. तिला आणखी वाकवणे म्हणजे दिसण्यासाठी राबवणे. तशी ती थकते, पोटाच्या बाजूने तिथे बारीक सुरकुत्या पडतात, कमठा कायमचा खचतो. उलट जी जागा आधीच पोटाकडे वाकलेली होती ती छान कमानदार दिसते, आणि काम काहीच करीत नसते.

म्हणून आजोबा कमठा चढवण्याआधी तो नुसता जमिनीवर ठेवून बराच वेळ पाहतात. मूळ रेघ डोळ्यांत साठवतात. नंतर भिंतीवर जे दिसते त्यातून ती मूळ रेघ वजा करून जे उरते ते खरे वाकणे, असा त्यांचा हिशोब. मी एकदा म्हटले, “आजोबा, वरचं वाकडं दिसतंय.” ते म्हणाले, “ते आधीपासून वाकडं आहे. वाकडं राहू दे. ते काम किती करतंय ते सांग.”

सारखे दिसणे आणि सारखे काम करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि वाकड्या लाकडात त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. यापेक्षा मोठा सिद्धान्त माझ्या मित्रांच्या पहिल्या तटाला कुठला हवा आहे? त्याला निरीक्षण आहे, तर्क आहे, पडताळा आहे. कमठा मोडला तर सिद्धान्त चुकला असे मानण्याची तयारीही आहे, जी पुष्कळ छापील सिद्धान्तांना नसते.

हे फक्त आमच्या पाड्यावरचे आहे असेही नाही. १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवर, बर्फात एका माणसाचे शव सापडले. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ यू नावाच्या झाडाचे १.८२ मीटर लांबीचे धनुष्य होते, आणि ते अर्धवट तासलेले होते. हत्याराचे घाव तसेच दिसतात. भात्यातल्या चौदा काड्यांपैकी दोनच पूर्ण बाण होते. म्हणजे हातातले काम तसेच राहिले. मला राजामहाराजांच्या सोन्यामोत्याच्या धनुष्यांपेक्षा हे अपुरे धनुष्य जवळचे वाटते, कारण त्यात करणारा माणूस दिसतो. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज १५४५ मध्ये पोर्ट्समथजवळ बुडाले. १९८२ मध्ये त्याचा सांगाडा समुद्रातून वर काढला. त्यातून शंभराहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. राजाच्या आरमारासाठी केलेली धनुष्ये, पण त्यांवरही गाठींचे उंचवटे जागच्या जागी ठेवलेले आहेत. तिथल्या कारागिरालाही गाठ तासायची नसते हे ठाऊक होते. दोन अंगे असमान असणे हा दोष नव्हे हे पाहायचे तर जपानकडे पाहावे. तिथले यूमी नावाचे धनुष्य दोन मीटरहून उंच असते आणि त्याची मूठ मध्यावर नसते. खालून सुमारे एक-तृतीयांश उंचीवर असते. वरचे अंग लांब, खालचे आखूड, आणि दोन्ही मिळून बाण नीट सोडतात.

राहिला दुसऱ्या तटाचा मुद्दा, रक्ताचा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९११ साली याही जमातीचा शेवटचा उरलेला एक माणूस वस्तीत आला. त्याच्या लोकांची कत्तल झालेली होती. त्याने आपले नाव सांगितले नाही. संशोधकांनी त्याला ‘इशी’ म्हटले, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोमधील वस्तुसंग्रहालयात तो राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने वारला. तिथे तो जुनिपरच्या लाकडाची धनुष्ये करून दाखवी. विद्यापीठाच्या रुग्णालयातले डॉक्टर सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले, आणि १९२३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. आज हाताने लाकडी धनुष्य करणारे अनेक लोक त्या पुस्तकाचे नाव घेतात. ते जर इशीच्या रक्तात असते तर डॉक्टर पोपना कसे आले असते? ज्ञान होते म्हणूनच ते एकाकडून दुसऱ्याकडे गेले. अर्थात ज्ञान इशीचे आणि पुस्तकावर नाव पोपचे, हेही विसरू नये. पोपनी इशीविषयी आदराने लिहिले, ही त्यांची चांगली बाजू.

घरचे उदाहरण तर याहून सोपे आहे. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. एकाची शस्त्रक्रिया झाली, तरी भिंतीवरची बारीक रेघ त्यांना आता पूर्वीसारखी दिसत नाही. म्हणून मागे उभे राहून पाहण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी सांगतो, “खालच्या अंगाला गाठीच्या वर तीन बोटं निबर आहे.” ते तिथे अंगठा फिरवतात, थांबतात, आणि बहुधा मान हलवतात, कधी म्हणतात, “निबर तिथं नाही, त्याच्या खाली आहे, तिथलं अंग वाकत नाही म्हणून तुला वर दिसतंय.” आणि तसेच निघते. आता पाहा. हे जर नुसता हाताचा सराव असते तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि शब्दांनी ते करता आले नसते. आणि हे जर रक्तात असते तर त्यांच्या दोन्ही मुलांना, म्हणजे माझ्या काकांना, ते यायला हवे होते. त्यांना येत नाही. दिवाळी झाली की ते ऊसतोडीला गुजरातेत जातात, आणि हे काम नेमके त्याच दिवसांत सुरू होते. रक्ताचा इथे काही संबंध नाही. ज्याला बसायला वेळ मिळाला तो शिकला.

यावर एक आक्षेप मला रास्त वाटतो. कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण आज कमठ्याचा उपयोग काय? शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती असावी असेच माझे मत आहे. ऑलिंपिकमधली धनुष्ये धातू आणि कार्बनच्या धाग्यांची असतात. त्यांच्याशी धामणीने स्पर्धा करावी असे मी म्हणत नाही. आपल्या देशात ‘इंडियन राऊंड’ म्हणून लाकूड-बांबूच्या धनुष्यांची स्पर्धा होते, तीस आणि पन्नास मीटरवर. तिथे थोडी जागा आहे. पण उपयोगाच्या कसोटीवर सगळेच घासायचे ठरवले तर कलाशाखेच्या आपण विद्यार्थ्यांनी फार जोरात बोलू नये. आपण शिलालेख वाचायला शिकतो ते काही नवा शिलालेख कोरायचा म्हणून नव्हे.

मला राग येतो तो शोभेच्या तीरकमठ्यांचा. प्रदर्शनांत, महामार्गावरच्या दुकानांत ते टांगलेले असतात. एकसारख्या जाडीची गुळगुळीत काठी, वर चकचकीत व्हार्निश, रंगीत गोंडे, आणि खाली ‘आदिवासी कला’ अशी पाटी. त्यात एक गाठ सापडणार नाही. तो कधी भिंतीवर चढलेला नसतो, त्याला कोणी ओढून पाहिलेले नसते. ओढला तर मुठीपाशी मोडेल. पण दिसायला दोन्ही बाजूंनी अगदी समान! लोक तो आनंदाने विकत घेतात, आणि आजोबांचा बेडूक गिळलेला कमठा पाहून विचारतात, “हा बिघडला आहे का?” आमच्याच पाड्यावरची दोन पोरे आता त्या काठ्या रंगवायला जातात. रोज मिळतो, त्यांना मी दोष देत नाही. पण आणखी दहा वर्षांनी कमठा म्हणजे ती काठी असेच सगळ्यांना वाटू लागेल, आमच्या पाड्यावरसुद्धा, आणि गाठ का तासत नाहीत हे सांगणारा कोणी उरणार नाही.

ज्या १५४५ साली मेरी रोझ बुडाले त्याच साली केंब्रिजमधील रॉजर ॲस्कम या विद्वानाने धनुर्विद्येवर पुस्तक लिहिले. विद्वानांची भाषा तेव्हा लॅटिन होती. त्याने ते इंग्रजीत, आपल्या लोकांच्या भाषेत लिहिले, आणि त्याचे त्याला स्पष्टीकरण द्यावे लागले. पुढे तो राणी एलिझाबेथचा शिक्षक म्हणून प्रसिद्ध झाला. सांगायचे एवढेच की महाविद्यालयातल्या माणसाने धनुष्याकडे पाहिले तर त्याची विद्वत्ता कमी होत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. ‘भारतीय ज्ञान प्रणाली’च्या तासांपैकी काही तास, निदान चार, आपल्या जिल्ह्यातल्या अशा कारागिरांना द्यावेत. त्यांना संमेलनात हार घालून, नाच करायला लावून परत पाठवू नये. त्यांना वर्गात बोलवावे, अर्धे झालेले काम घेऊन बोलवावे, आणि बाहेरच्या व्याख्यात्याला जे मानधन देतो तेच द्यावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे शब्द लिहून घ्यावेत. निबर आणि हळवे यांच्या मधल्या पायऱ्यांना आमच्या बोलीत आणखी शब्द आहेत, ते अजून कुठल्याही वहीत उतरलेले नाहीत. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी धामण कुठल्या बांधांवर उरली आहे ते नकाशावर मांडावे. विज्ञान शाखेतल्या मित्रांनी व्हर्निअर कॅलिपर घेऊन यावे, गाठीपाशी आणि गाठीपासून बोटाबोटावर जाडी मोजावी, आणि तो जाडीचा घन आजोबांच्या बोटांच्या मापाशी जुळतो का ते पाहावे. जुळला नाही तर तेही लिहावे.

व्याख्यात्याच्या अर्जात शैक्षणिक पात्रतेचा रकाना असतो, तो अडेल. त्यात काय लिहायचे ते प्राध्यापकांनी ठरवावे. आजोबा दुसरीत असताना शाळा सुटली एवढीच माहिती मी देऊ शकतो. वेळ मात्र पावसाळ्यातली ठेवू नये. त्या दिवसांत लाकूड ओल धरते आणि ताठरपणाचा अंदाज चुकतो, असे ते म्हणतात. दिवाळीनंतरचे सत्र बरे. सामान फारसे लागणार नाही. एक चुन्याची भिंत, तिच्यात माणसाच्या वजनाने न निघणारी खुंटी, कोळशाचा तुकडा आणि मागे दहा पावले मोकळी जागा. ग्रंथालयाच्या मागची, सायकली लावतो ती भिंत मी पाहून ठेवली आहे. दुपारी तीननंतर तिच्यावर ऊन येत नाही.